‘अनुभव: नाही’ लिहिण्याआधी: मोठ्या घरातलं काम नोकरीत कसं वापरायचं

पहिल्या नोकरीचा बायोडेटा भरताना ‘अनुभव’ या रकान्यापाशी पेन थांबतं. बारा-चौदा माणसांच्या घरात वाढलेली मुलं-मुलीही तिथे ‘नाही’ लिहून मोकळी होतात. किंवा खाली एक ओळ टाकतात: ‘एकत्र कुटुंबात वाढल्यामुळे टीमवर्क, लीडरशिप आणि अ‍ॅडजस्टमेंटचे गुण अंगी आहेत.’ ही ओळ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. घरात किती माणसं होती हे त्याला नको असतं. तुम्ही काय सांभाळलं, किती सांभाळलं आणि बिघडलं तेव्हा काय केलं, हे त्याला हवं असतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मोठ्या घरात नुसतं राहून काही येत नाही. ज्या मुलाने जेवल्यावर स्वतःचं ताटही उचललेलं नाही, त्याला चौदा माणसांच्या घराने कामाचं काही शिकवलेलं नसतं. ‘थोरली आहे, म्हणजे जन्मजात लीडर’ हेही खरं धरू नका. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासणारा एक अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर टिकून राहणारा परिणाम जवळजवळ दिसला नाही. तेव्हा थोरली-धाकटी बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाकडे वळा.

आधी वही

दोन तास काढा आणि एका वहीत चार रकाने आखा: काम, किती, किती वेळा, चुकलं तर काय व्हायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जे चुकल्यावर कोणाचंच काही अडत नाही, ते बायोडेटात टिकत नाही.

आठवायला सोपं जावं म्हणून तीन थरांत लिहा. रोजचं: डबे, पाणी भरणं, धाकट्यांचा अभ्यास, आजी-आजोबांची औषधं, गोठा. महिन्याचं: किराणा, दळण, गॅस, वीजबिल, दूधवाल्याचा हिशेब, दुकानातली उधारीची वही. आणि कार्याचं: लग्न, मुंज, गौरी-गणपती, वर्षश्राद्ध, गावची जत्रा.

प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द टाका: हातभार, जबाबदारी किंवा निर्णय. काकूने सांगितलं म्हणून भाजी निवडली, तर तो हातभार. रोज सकाळी सातच्या आत सहा डबे भरून ठेवणं तुमच्याकडे होतं आणि राहिले तर तुम्हालाच विचारलं जायचं, ती जबाबदारी. कोणत्या दुकानातून किती घ्यायचं हे तुम्ही ठरवत होता, तो निर्णय. बायोडेटात जबाबदारी आणि निर्णय एवढंच जातं. ‘घरात तीन लग्नं पाहिली’ हे कोणत्याच रकान्यात बसत नाही.

घरच्या कामातलं गणित बाहेर काढा

घरात ही कामं सवयीने होतात, म्हणून त्यांच्यामागचा हिशेब कोणी तोंडाने बोलत नाही. तो बोलता आला की काम कौशल्य म्हणून दिसायला लागतं. दोन साधी उदाहरणं घेऊ.

दळण. बारा माणसं, दिवसाला माणशी सरासरी सहा पोळ्या, म्हणजे ७२. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या साधारण ३० पोळ्या होतात. म्हणजे रोज २.४ किलो पीठ आणि महिन्याला जवळपास ७२ किलो. दहा किलोचा डबा चार दिवसांत तळाला जातो. दळण टाकलं की दुसऱ्या दिवशी मिळतं, शिवाय गिरणीची एक दिवस सुट्टी. दोन दिवसांचं पीठ हाताशी हवं, म्हणजे ४.८ किलो. म्हणून ‘डबा अर्ध्यावर आला की दळण टाक’ असं घरात सांगतात. कारखान्याच्या स्टोअरमध्ये हाच आकडा रिऑर्डर लेव्हल म्हणून ओळखला जातो: माल यायला लागणारे दिवस गुणिले रोजचा खप, वर अडीअडचणीचा साठा. इथे चूक होते ती पाहुणे धरायचे राहिल्याने. दिवाळीत पोरींची माहेरपणं सुरू झाली की रोजचा खप दीडपट होतो आणि अर्ध्या डब्याचा नियम कोलमडतो. खप बदलला की नियमातला आकडाही बदलायचा. हे ज्याला कळलं आहे, त्याने मुलाखतीत नेमकं तेवढंच सांगावं.

दुसरं, सकाळची न्हाणीघराची रांग. नऊ माणसं, एक न्हाणीघर, माणशी १२ मिनिटं, म्हणजे १०८ मिनिटं. सहा ते आठ या वेळात मिनिटं १२०. शिल्लक फक्त १२ मिनिटं, तीही बंबातलं पाणी सलग तापत राहिलं तर. नीट चाललेल्या घरात सगळ्यात लवकर बाहेर पडणारा आधी जातो आणि आजोबा साडेआठनंतर. आजोबांना मान कमी म्हणून त्यांना मागे ठेवलेलं नसतं. त्यांना कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी तीस. ज्याच्या वेळेचा भरवसा नाही ते काम मध्ये घातलं की मागचे सगळे अडकतात, म्हणून ते गर्दीच्या बाहेर काढायचं. एकच तपासणी यंत्र, एकच मीटिंग रूम, सही करणारा एकच साहेब, असं काहीही असलं तरी रांग अशीच लावावी लागते.

कोठी: पूर्ण वाचावी अशी एक जबाबदारी

घरच्या कार्यातलं एकच काम बायोडेटासाठी निवडायचं असेल, तर आमच्या मते कोठी निवडावी. मंगल कार्यालयातल्या लग्नात सामानाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे माल घेणं, देणं, मोजणं, नाही म्हणणं आणि परत करणं अशी पाच कामं एकत्र येतात.

माल उतरताना यादीशी ताडून घ्यायचा, पोत्यावर छापलेल्या वजनावर न जाता काट्यावर घालून. कमी भरलं तर त्याच वेळी बिलावर लिहून दुकानदाराच्या माणसाची सही घ्यायची, कारण दुसऱ्या दिवशी कोणी ऐकत नाही. आचाऱ्याला सगळं सामान एकदम द्यायचं नाही. तेल, तूप, साखर, सुकामेवा घाण्या-घाण्याने द्यायचं आणि दिलं की लिहायचं. किल्ली एकाकडेच. तो जेवायला गेला तर किल्लीबरोबर वहीही दुसऱ्याच्या हातात जाते आणि ‘काय दिलंय, काय मागितलंय, काय यायचंय’ ही तीन वाक्यं सांगितली जातात. दवाखान्यात शिफ्ट बदलताना नर्स एकमेकींना सांगतात ते याहून वेगळं नसतं.

प्रमाणाचा अंदाजही इथेच तयार होतो. वरणभात आणि मसालेभात मिळून शंभर पानांना साधारण ८ ते १० किलो तांदूळ, वरण आणि आमटी मिळून ३ ते ४ किलो तूरडाळ. मात्र जाणता माणूस सगळा तांदूळ एकदम चढवू देत नाही. पहिल्या पंगतीला किती खपला ते पाहून पुढचा घाणा टाकतो. जेवणाऱ्यांचा आकडा आमंत्रणाच्या यादीवरून काढायचा नसतो, तो उष्टी पानं मोजून काढायचा. अंदाज आणि मोजमाप यांतला हा फरक ज्याला हाताने समजला आहे, त्याला उत्पादनाचा किंवा विक्रीचा रिपोर्ट समजायला वेळ लागत नाही.

सगळ्यात अवघड काम नाही म्हणण्याचं. मामा येतात, ‘मुलांसाठी दहा लाडू दे’ म्हणतात. वराकडचे येऊन जास्तीचा नाश्ता मागतात. कोठीवरचा माणूस ‘नाही’ असं तोडून बोलत नाही. तो म्हणतो, ‘मामा, आत्ता मोजून ठेवलेत, पंगत उठली की मी स्वतः आणून देतो.’ आणि खरंच नेऊन देतो. दुसरा भाग राहिला तर पुढच्या वेळी कोणी थांबत नाही. ग्राहकसेवेत आणि वसुलीत हेच वाक्य रोज लागतं: आत्ता का नाही, कधी मिळेल, आणि त्या वेळेला ते देणं.

शेवटी कार्यालयाची भांडी. घेताना मोजलेली नसतात, म्हणून परत देताना झारे आणि वाट्या कमी भरतात आणि अनामतीतून पैसे कापले जातात. घेतानाच मोजून व्यवस्थापकाची सही घेतली की हा वाद उभा राहत नाही.

बायोडेटात दोन ओळी, जास्तीत जास्त तीन

शिक्षणाच्या खाली ‘इतर जबाबदाऱ्या’ असा मथळा द्या. ‘कौटुंबिक’ हा शब्द मथळ्यात नको. वडिलांचा व्यवसाय, जात, लग्न झालंय की नाही, घरात किती भावंडं, यातलं काहीही लिहायची गरज नाही. नमुने असे:

‘१२ माणसांच्या घराचा मासिक किराणा आणि धान्यपुरवठा ३ वर्षं सांभाळला, यादी, दोन दुकानांच्या भावांची तुलना, उधारीच्या वहीचा दरमहा ताळमेळ.’

‘३५० जणांच्या कार्यक्रमात सामानाचं स्टोअर सांभाळलं, आवक तपासणी, आचाऱ्याला नोंदवून पुरवठा, भाड्याच्या भांड्यांची मोजून परतफेड.’

‘अर्धांगवायू झालेल्या आजोबांच्या औषधांचं आणि व्यायामाचं वेळापत्रक १४ महिने सांभाळलं, काळजी घेणाऱ्या तिघांसाठी एक नोंदवही सुरू केली.’

तिसरी ओळ हॉस्पिटल, वृद्धसेवा किंवा विमा कंपनीसाठी चांगली. पहिल्या दोन चाकण-भोसरीच्या स्टोअर आणि डिस्पॅचच्या जागांसाठी, किरकोळ विक्रीसाठी, हॉटेलसाठी. अर्ज ज्या जागेचा, तीच ओळ वर. बायोडेटा इंग्रजीत करायचा असला तरी आधी मराठीत लिहा आणि मग शब्द बदला: कोठीचं स्टोअर होतं, आचाऱ्याचा केटरर, वाढप्यांचा सर्व्हिस स्टाफ, उधारीच्या वहीचं क्रेडिट लेजर. उलट आधी इंग्रजीत लिहायला बसलं की ‘हार्डवर्किंग’, ‘डायनॅमिक’ असले शब्द येतात आणि आकडे राहून जातात.

आकडा फुगवू नका. ३५० पानांचं लग्न हजाराचं केलं, तर ‘तांदूळ किती लागला?’ या पहिल्याच प्रश्नात ते उघडं पडतं. नोकरीत तीन-चार वर्षं काढलेली असतील तर या ओळी काढून टाका. तोवर सांगण्यासारखं कामावरचंच जमलेलं असतं. मात्र मुलं लहान म्हणून आठ-दहा वर्षं घरी राहून परत नोकरी शोधणाऱ्या बाईने त्या जरूर ठेवाव्यात. मधली वर्षं रिकामी नव्हती हे दाखवायचा तोच प्रामाणिक मार्ग आहे.

मुलाखतीत ‘आम्ही’ सोडा

मोठ्या घरातल्या मुलांची ठरलेली अडचण म्हणजे ती ‘आम्ही केलं’ म्हणतात. घरात ‘मी केलं’ म्हणणं उद्धटपणा समजतात, म्हणून जीभ वळत नाही. समोरच्याला मात्र तुमचा वाटा कळत नाही आणि तो विचारतो, ‘यात तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न आला म्हणजे उत्तर आधीच फसलेलं असतं.

दीड ते दोन मिनिटांचं उत्तर तयार ठेवा. परिस्थिती पंधरा सेकंदांत, तुमची जबाबदारी दहा सेकंदांत, तुम्ही काय केलं याला पूर्ण एक मिनिट, आणि परिणाम शेवटी. नमुना असा:

‘चुलत बहिणीच्या लग्नात साडेतीनशे पानं होती. कोठी माझ्याकडे होती. आदल्या संध्याकाळी सामान ताडून पाहिलं तेव्हा तूरडाळ चार किलो कमी भरली. मी बिलावर तसं लिहून घेतलं आणि दुकानदाराला फोन करून रात्री आठपर्यंत डाळ पाठवायला सांगितलं. आचाऱ्यांनाही त्याच वेळी कळवलं. डाळ आली नाही तर आमटी कमी करून कढी वाढवायची, असं ठरवून ताकही सांगून ठेवलं. डाळ साडेआठला आली. भांडी परत देताना दोन झारे कमी निघाले, वाढप्यांच्या सामानात शोधल्यावर सापडले. अनामत पूर्ण परत मिळाली.’

यात ‘लीडरशिप’ हा शब्द एकदाही येत नाही, आणि तो यायला नकोच. ऐकणारा तो स्वतःच काढून घेतो. हे उत्तर पाठ करू नका. तुमच्या वहीतल्या कामाचं तुमचं उत्तर असं बांधा. घरात मोठ्याने तीनदा म्हणून बघा आणि मोबाइलवर वेळ लावा. ‘आता परत केलंत तर काय वेगळं कराल?’ या प्रश्नासाठी एक खरी चूक हाताशी ठेवा, उदाहरणार्थ, ‘माल दुपारीच ताडला असता तर रात्रीची धावपळ टळली असती.’

घरची कोणती सवय ऑफिसात नडते

हा भाग लोक टाळतात, पण नोकरी लागल्यावर त्रास इथूनच सुरू होतो.

पहिली सवय सांभाळून घेण्याची. भावाकडून काच फुटली तर बाबांना कळू द्यायची नाही, हे घरात प्रेम असतं. कामावर सहकाऱ्याची चूक अशी झाकली की माल चुकीचा जातो, ग्राहक तक्रार करतो आणि तपासात दोन नावं निघतात. चूक दिसली की आधी त्याच माणसाला सांगा, त्याला स्वतः कळवायची संधी द्या, आणि त्याच दिवशी वरपर्यंत गेली आहे ना ते पाहा. ‘त्याच दिवशी’ हे सोडू नका. बहुतेक चुका पहिल्या दिवशी स्वस्तात सुटतात.

दुसरी, मोठ्यांसमोर न बोलण्याची. साहेबांचं चुकतंय हे दिसत असतं, तरी तोंड उघडत नाही, आणि महिन्याने ‘मला तेव्हाच वाटलं होतं’ म्हणावं लागतं. मोठ्यांना न दुखावता बोलण्याची रीत घरातही असते, तीच वापरा: मत म्हणून न मांडता माहिती म्हणून मांडा. ‘सर, हा माल शुक्रवारी निघाला तर शनिवारी त्यांचं गोडाऊन बंद असतं. गुरुवारी काढू का?’ यात कोणाचा अपमान नाही आणि मुद्दाही पोचला.

घरात काकांकडून काही करून घ्यायचं तर आधी काकूंच्या कानावर घालतात. ऑफिसातही कोणाचं कोण ऐकतं हे ओळखणं उपयोगाचं आहे, आणि मोठ्या घरातली मुलं ते आठवड्याभरात ओळखतात. पण ते चाचपणीपुरतंच. ठरलेली गोष्ट दोन ओळींच्या मेलमध्ये ठरवणाऱ्या माणसाकडे गेलीच पाहिजे, नाहीतर घरातल्यासारखं ‘मला कोणी सांगितलंच नाही’ ऐकायला मिळतं.

तिसरी सवय मुलींना, विशेषतः थोरल्या मुलींना आणि सुनांना जास्त नडते: दिसेल ते काम उचलायचं. चहा सांगणं, वाढदिवसाची वर्गणी, निरोपसमारंभाची भेटवस्तू, नव्या मुलाला सगळं दाखवणं. दिवस यात जातो आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापनात त्याला जागा नसते. इथे भांडायची गरज नाही, किंमत सांगायची आहे: ‘हे मी करते. मग रिपोर्ट बुधवारऐवजी गुरुवारी जाईल, चालेल?’ आणि पुढच्या वेळी, ‘मागच्या दोन्ही वेळा मी केलं, या वेळी दुसऱ्या कोणाकडे द्या.’ पाळी लावणं ही घरातलीच पद्धत आहे.

हिशेब न विचारण्याचीही सवय असते. घरात हिशेब मागितला की वाटणीची भाषा वाटते, त्यामुळे पगारवाढ मागताना जीभ अडखळते. दर शुक्रवारी पाच मिनिटांत तीन ओळी लिहून ठेवा: काय पूर्ण केलं, किती, कोणाचं काय वाचलं. वर्षाला पन्नासेक नोंदी होतात आणि बोलणी त्यांवर करता येतात.

आणि ‘आपला माणूस’. चुलतभावाला आपल्या कंपनीत लावणं किंवा मावसभावाच्या दुकानातून सामान घेणं घरच्या नजरेत कर्तव्य आहे. कंपनीच्या नजरेत नातं लपवणं हा दोष आहे, मग भाव कमीच लागलेला का असेना. नाव सुचवायला हरकत नाही, पण निवडीच्या आधी ‘हा माझा नातेवाईक आहे’ असं लेखी कळवा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हा.

घर लहान असेल तर

आता शहरातली बरीच मुलं तीन-चार माणसांच्या फ्लॅटमध्ये वाढतात. त्यांनाही हे देता येतं, पण मदतीला बोलावून नाही. एक अख्खं काम हातात देऊन. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे दळण द्या: पीठ किती उरलंय ते बघणं, गहू काढणं, गिरणीत नेणं, पैसे देणं, लिहून ठेवणं. तीन महिने काम बदलू नका, कारण पहिला महिना शिकण्यातच जातो. आठवण करून देऊ नका, नाहीतर काम तुमचंच राहतं आणि तो फक्त हमाल होतो. पहिल्या महिन्यात एकदा तरी पीठ संपेल. त्या रात्री निमूट भात लावा, आणि डबा कितीवर आला की गिरणीत जायचं हा आकडा त्याला स्वतःला काढू द्या.